अंधार पुरा होऊ दे

सोमवार, दुपार

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र पावाच्या गाडीतून येतंय. गाडीवाल्याला बजावलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दाराखालून सरकवायचं नाही. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच, कारण बातमीच तशी आहे. घरात चार नव्या कोंबड्या आल्यात!

आता म्हणशील, ताईला कोंबड्यांचं एवढं काय कौतुक, तिच्याकडे आधीच खुराडंभर आहेत. अरे, म्हणूनच तर! कोपऱ्यावरची बेकरीवाली लेकीकडे राहायला चाललीय, थेट पाचव्या मजल्यावर. तिथे ती कोंबड्या ठेवणार कुठे? खाटकाशी तिची बोलणी चालली होती. मी पाव घ्यायला उभी होते, कानावर पडलं आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे द्या की!" बाई हरखली, पण आहे पक्की. म्हणाली, "तुमच्या त्या भवान्या माझ्या पोरींना टोचून टोचून मारतील. रविवारी सकाळी मी येऊन बघणार. नांदत असल्या तर राहू देत तुमच्याकडे. नाहीतर खाटकाला निरोप धाडते. रोज मरण्यापेक्षा एकदाच बरं."

बोलली कडू, पण खोटं नाही बोलली. आमच्यातली थोरली कोंबडी, मोठ्या बाई, तू पाहिलेली नाहीस. मधल्या दांडीवर मधोमध बसायचं, दाण्याला पहिली चोच यांची, कोणी पुढे झालं की तिच्या डोक्यावर चोच. कंपनीतल्या नायिकेला तू ठेवलेलंच नाव मी हिला दिलंय, आणि त्या बिचाऱ्या नायिकेला ते अजून माहीत नाही. काल नव्या चौघींना खोक्यात घालून नुसतं जाळीबाहेर ठेवलं, तर मोठ्या बाईंनी अख्खं अंगण डोक्यावर घेतलं.

पण बेकरीवालीनेच युक्तीही सांगितली, आणि ती ऐकून मी तिथेच काउंटरवर टाळी दिली. कोंबडीला म्हणे अंधारात काही दिसत नाही. जुन्या झोपल्या की नव्या एकेक करून हळूच त्यांच्यामध्ये दांडीवर बसवायच्या. रात्रभर अंगाला अंग लागतं, वास एकमेकींत मिसळतो. सकाळी डोळे उघडून बघतात तर शेजारी कोणीतरी बसलेलंच आहे. मग भांडणार कशावरून?

कळतंय का तुला? भर अंधारात, आवाज न करता, ठरल्या जागी सगळं मांडायचं, आणि उजेड येतो तेव्हा जणू ते कायमचं तिथेच होतं! अरे, आपण आयुष्यभर दुसरं केलं काय? दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात रंगमंचावरून बैठकीची खोली उचलायची, बाग मांडायची, आणि प्रेक्षकाने पाकिटातला शेंगदाणा तोंडात टाकेपर्यंत विंगेत गडप. नाटक कंपनी बंद झाली तेव्हा मला वाटलं होतं, संपलं ते सगळं. आणि आता मागच्या अंगणात प्रवेशबदल लागलाय! मी काळे कपडे कपाटातून काढलेसुद्धा. घट्ट होताहेत. हसू नकोस.

आज रात्री करणार. मदतीला हे आहेतच. यांचं नाव पत्रात काढायचं नाही असं ठरवलं होतं, पण आम्ही एकाच घरात राहतो, त्याला माझा इलाज नाही.

तुझी ताई


मंगळवार, सकाळ

धाकट्या,

पार बोंबललं! आणि तरीही मी इतकी खुशीत आहे की अक्षरं ओळीवर राहत नाहीत, बघच. का ते सांगते, पण क्रमाने सांगते. मधूनच शेवट वाचू नकोस.

खुराडं तू पाहिलेलं नाहीस. तू जायच्या वेळी अंगण रिकामंच होतं. कंपनीने नेपथ्याच्या रंगवलेल्या भिंती मोडीत काढल्या तेव्हा हे त्यातल्या चार घेऊन आले आणि त्यांचं खुराडं ठोकलं. त्यामुळे आमच्या कोंबड्या राजवाड्यात राहतात. आतून संगमरवरी खांब, एका बाजूला रंगवलेली खिडकी, तिच्यात रंगवलेलं तळं. मोठ्या बाई त्या तळ्याला पाठ करून बसतात.

तर रात्री मी काळ्या कपड्यांत, अनवाणी. हे दाराशी. यांनी संध्याकाळीच दाराच्या चौकटीवर एक दिवा लावून ठेवला होता आणि त्याला उजेड कमी-जास्त करायचा जुना डिमर जोडला होता. म्हटलं, "अहो, अंधारात करायचंय ना?" तर म्हणाले, "लावणार नाही गं. तू धडपडलीस तर असावा म्हणून." ज्याने जन्मभर नाटकांचे दिवे केले त्याला दिव्याशिवाय उभं राहायला सांगणं म्हणजे हात कापून उभं करण्यासारखंच. मी कोंबड्या आणायला वळले.

अंधार झाला. काय सांगू तुला! अंगावर काटाच आला. तोच तो अंधार, कान टवकारलेला. पहिली कोंबडी दोन्ही तळव्यांत पंख दाबून उचलली, छातीने दांडीला टेकवली, आणि ती आपल्या पायाने वर चढून बसली! कोणी हूं की चूं केलं नाही. दुसरी बसली. तिसरी तर थेट मोठ्या बाईंच्या काखेत बसवली आणि बाई झोपेतच जरा सरकल्या. मला हसू आवरेना. चौथीला हातात घेऊन मी आत वाकले होते, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आणि तेवढ्यात जुन्यांपैकी कोणीतरी खोकलं.

हो, खोकलं. कोंबडीच्या घशात झोपेत काहीतरी अडकलं असेल. अगदी माणसासारखं, दबक्या आवाजात, एकदाच.

आणि उजेड आला.

नुसता उजेड नाही. खालून वर, हळूहळू, केशरी. तिसऱ्या अंकातली पहाट! मी कोंबडी हातात घेऊन, एका पायावर, राजवाड्याच्या दारात उभी. मोठ्या बाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पुढचं मी लिहीत नाही. पिसं अजून न्हाणीघरापर्यंत आहेत. चौघींना कशीबशी सोडवली. एकीच्या तुऱ्याला लागलंय, हळद लावलीय. आता त्या न्हाणीघरात राहतात आणि हे आंघोळ करताना त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात.

पण मी काय सांगत होते? यांचा हात अजून डिमरवर. मी म्हटलं, "अहो, काय केलंत हे!" तर यांनी शांतपणे काय म्हणावं?

"तू जागेवर नव्हतीस. उशीर केलास."

धाकट्या, मी कोंबडीसकट खाली बसले. शब्दाला शब्द तेच! शेवटच्या प्रयोगाला उजेड आला तेव्हा तू रंगमंचाच्या मधोमध, आरामखुर्ची डोक्यावर. लोक हसले, टाळ्या वाजवल्या, आणि तू खुर्ची तिथेच ठेवून तडक विंगेत आलास. तू म्हणत होतास, भावोजींनी उजेड लवकर दिला. हे म्हणत होते, त्याने उशीर केला. आणि तुम्ही दोघं मिळून मला विचारत होतात, "ताई, तू तिथे होतीस, तू सांग!" मी सांगितलं, मला दिसलं नाही. खरंच नव्हतं दिसलं रे. मी फुलदाणी घेऊन विंगेत शिरले होते, माझी पाठ होती. तू मानलं नाहीस. नवऱ्याला सांभाळून घेते म्हणालास. तेव्हा जो गेलास तो गेलास, तोंडाला कुलूप.

तर ऐक. मला दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं होतं! त्या रात्री प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं होतं. एवढ्या तेवढ्या खोकल्याचं काय लक्षात ठेवायचं, म्हणून मी विसरून गेले होते. काल ती कोंबडी खोकली आणि लख्ख आठवलं. यांचं तुला माहीत आहे ना? अंधारात प्रेक्षक खोकला की यांना वाटतं, कंटाळला, उठून चालला, आणि यांचा हात शिवशिवायला लागतो. यांना स्वतःला ते कळतसुद्धा नाही. काल मी उशीर केला नव्हता. माझं काम पुरं व्हायचं होतं आणि यांनी अंधार पुरा होऊ दिला नाही. तुझंही तेच झालं. तू वेळेत होतास, धाकट्या! एवढ्यासाठी मी खुशीत आहे. मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगू शकते.

यांना सांगितलंच लगेच. "अहो, ती खोकली म्हणून तुम्ही उजेड दिलात." तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "कोंबडी खोकत नसते," म्हणाले आणि झोपायला गेले.

ताई


गुरुवार, संध्याकाळ

धाकट्या,

गाडीवाल्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या भावाने दोन्ही पत्रं उभ्या उभ्या वाचली आणि खिशात घातली. काही बोलला नाही." मी विचारलं, फाडली का? "नाही." हसला का? "ते बघितलं नाही, मला पुढे पाव द्यायचे होते." असल्या माणसाकडून बातमी काढणं म्हणजे दातातून सुपारी काढणं. पण फाडली नाहीस ना? मग माझ्यासाठी तेवढं पुरे. तुझ्या मालकाच्या ट्रकवरही गाडीवाल्याने तुला पाहिलं म्हणे, लोकांची कपाटं दिवसाढवळ्या उचलताना. दिवसा उचलणं म्हणजे काय काम झालं, सांग बरं!

आता इथली गंमत. बुधवारी दुपारी हे जेवणानंतर दिसेनात. शोधलं तर खुराड्यात! मोडक्या स्टुलावर बसलेत, यांचा एकच कान चालतो, तो कोंबड्यांकडे केलेला, डोळे मिटलेले. मी खिडकीतून बघत राहिले. एक कोंबडी मांडीवर चढून गेली तरी हलले नाहीत. चहाची वेळ टळून गेली. कोंबडी खोकत नाही हे सिद्ध करायला बसले होते, दुसरं काय!

आत आले तेव्हा कपड्यांना भुसा. मी मुद्दाम विचारलं, "काय मग, खोकली का?"

"चहा टाक," म्हणाले.

चहा निम्मा ठेवला, पक्कड घेतली, आणि खुराड्याच्या दारावरचा दिवा उतरवला. डिमरही काढला. वायर गुंडाळून फडताळात सगळ्यात वर ठेवली, जिथे यांचा स्वतःचाच हात पुरत नाही. खुर्चीवर चढून ठेवली! मी काही बोलले नाही. तुला वाटत असेल, ताई आणि गप्प? पण बसले गप्प. यांच्याशी बोलून काही होत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. गप्प बसलं की कधी कधी होतं.

तर शनिवारी रात्री पुन्हा करणार. रविवारी बेकरीवाली येणार, म्हणजे हाच शेवटचा प्रयोग. या वेळी मी वेगळं ठरवलंय. एकेक कोंबडी न्हाणीघरातून अंगणभर नाचवत न्यायची नाही, वाटेत एक जरी ओरडली तरी आतल्या जाग्या होतात. चौघींना खोक्यात घालून खोकंच उचलून खुराड्यात न्यायचं, आणि तिथून दांडीवर. पण खोकं आहे जड, फळ्यांचं, आणि खुराड्याला उंबरा आहे. खोकं उंबऱ्यावर आपटलं तर संपलंच. ते काम दोन माणसांचं आहे. यांना मी विचारलं नाही. यांनी आपणहून सांगितलं, "मी आत बसेन. मी नको तिथे." कधी असं बोलले होते का, आठव.

मग दुसरं टोक कोण धरणार? शेजारणीला विचारलं, तिला कोंबड्यांची भीती वाटते. गाडीवाला शनिवारी पहाटेच्या पावासाठी लवकर झोपतो. राहिले मी एकटी. करीन काहीतरी.

मी तुला बोलावत नाहीये. नुसतं सांगतेय. मागच्या फाटकाची कडी सैल आहे आणि वाजते, बोटाने धरली तर वाजत नाही. हेही नुसतंच सांगतेय. जेवणं आटोपली, समोरच्या घरातले दिवे गेले, की सुरुवात.

मला तुझी फार आठवण येते. हे मात्र नुसतं सांगत नाहीये.

ताई


रविवार, सकाळ

धाकट्या, धाकट्या, धाकट्या!

तूच होतास ना? नाही म्हणू नकोस. मी चेहरा पाहिला नाही, आवाज ऐकला नाही, पण मी कोर्टात जाऊन शपथेवर सांगेन.

रात्री न्हाणीघरातून चौघींना खोक्यात घातलं आणि खोकं ओढत ओढत मागच्या पायरीपर्यंत आणलं. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. इथून पुढे उचलायचं होतं. पुढच्या बाजूच्या फळीखाली बोटं घातली, म्हटलं, कंबर गेली तर जाऊ दे. श्वास घेतला आणि उचललं.

आणि मागची बाजू उठली! माझ्याबरोबर. आधी नाही, नंतर नाही. आपण दोघं कधी एक-दोन-तीन म्हणत नव्हतो, बघ. नवी माणसं म्हणायची. आपण श्वास घ्यायचो आणि उचलायचो, आणि सोफा आपला निघाला. कंपनीतल्या कोणालाच ते माझ्याबरोबर जमलं नाही, किती जण आले आणि गेले. काल जमलं! माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

उंबऱ्यापाशी तू थांबलास, मी पाऊल वर घेईपर्यंत. खोकं खाली ठेवल्याचं मलाही ऐकू आलं नाही. मग मी पहिली कोंबडी बसवून हात मागे केला, तर दुसरी हातात आलीच. पंख नीट दाबलेले, तोंड दांडीकडे. तुला हे कोणी शिकवलं? माझी पत्रं खिशात घालून फिरतोस आणि वर पाठही करतोस? तिसरी मी बसवली. चौथी तू बसवलीस. मोठ्या बाईंच्या शेजारी, माझ्या हातावरून हात नेऊन. तुझ्या बाहीला लाकडाच्या पॉलिशचा वास होता. मध्ये कोणीतरी खोकलं, खरंच खोकलं, आणि आपण दोघंही होतो तिथे थिजलो. पण अंधारच राहिला.

मला बोलायचं होतं. अगदी जिभेच्या टोकाशी होतं. पण अंधारात बोलायचं नाही हा नियम, आणि खरं सांगू, मला भीतीही वाटली. मी हाक मारली असती आणि तू उत्तर दिलं नसतंस तर? म्हणून पहाटेपर्यंत तिथेच उभी राहिले. म्हटलं, उजाडेल तेव्हा दिसेलच. पण तू कधी गेलास ते कळलंच नाही. कडीसुद्धा वाजली नाही.

सकाळी काय झालं ते ऐक आता! दार उघडलं. दाणे आधीच अंगणभर पसरून ठेवले होते, एका जागी ठेवले असते तर तिथे मारामारी. मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांच्यामागून एक नवी, तुऱ्याला हळद लावलेली. बाई थांबल्या. वळल्या. तिच्याकडे बघितलं. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आणि बाईंनी मान फिरवली आणि दाणे टिपायला लागल्या! एक चोच म्हणून मारली नाही. तेवढ्यात बेकरीवाली आली, पिठाच्या हातांनीच. बराच वेळ जाळीला नाक लावून उभी राहिली, मग म्हणाली, "यातल्या माझ्या कोणत्या हो?" मी इतकी मोठ्याने हसले की कोंबड्या पांगल्या. खाटकाला निरोप जायचा नाही. गेली तेव्हा डोळे पुसत गेली, आणि सगळं पीठ गालाला.

आता राहिलं एकच, आणि ते सगळ्यात मोठं.

पहाटे मी अंगणातून घरात आले, तर घर काळंठिक्कर. बटण दाबलं, दिवा नाही. हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले, अंधारात, दोन्ही हात मांडीखाली दाबून. यांनी रात्रीच मेन स्विच बंद करून टाकला होता. चुकूनसुद्धा कुठे उजेड व्हायला नको म्हणून. रात्रभर तसे बसून होते. चहासुद्धा केला नव्हता, गॅसची ठिणगी नको म्हणून!

मी कोणी आल्याचं बोललेच नव्हते. मला स्वतःलाच अजून धड बोलता येत नव्हतं. तर यांनी विचारलं, "वेळेत झालं त्याचं?"

मी म्हटलं, "झालं."

बाहेर उजाडायला लागलं होतं, यांच्या हाताशिवाय. मग म्हणाले, "तेव्हाही झालं होतं. मीच."

एवढंच. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि धाकट्या, दिवेवाला माणूस अंधारात रडतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

हे पत्र पावाच्या गाडीतून येत नाहीये. यांनी बूट घातलेत, दाढी केलीय, गाल कापून घेतलाय, आणि मी घडी कधी करते म्हणून माझ्या डोक्याशी उभे आहेत. मी म्हटलं, आधी फोन करून बघा. म्हणाले, "नको. तोंडावर सांगायचंय." मी म्हटलं, मीही येते. म्हणाले, "नको. तू असलीस की तूच बोलतेस."

तेव्हा पत्र देऊन तुझ्या दारात जे उभे आहेत ते हेच. वाचून झालं असेल तर मान वर कर आणि त्यांना आत घे. बोलायला सुरुवात करतील, पण लगेच करणार नाहीत. तू मध्ये बोलू नकोस. थांब जरा त्यांच्यासाठी.

तुझी ताई